आधी अंधार, मग हमिंगबर्ड

"पंख कुठायत याचे?" मी काढलेला हमिंगबर्डचा पहिला बरा फोटो बघून सासूबाई म्हणाल्या. आणि खरंच नव्हते. डोळा शार्प, चोच शार्प, आणि खांद्याच्या जागी दोन करडे धुराचे ढग. मी म्हटलं अहो आई, तो सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पंख हलवतो, ते दिसणार कसे. त्या म्हणाल्या मग कॅमेरा एवढा महागाचा घेतला कशाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

आम्ही अ‍ॅरिझोनात, टूसॉनला राहतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात, वर अलास्कापासून खाली दक्षिण टोकापर्यंत, बाकी जगात कुठेही नाहीत. कराडला सासूबाईंच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, तो वेगळा, तो बहुतेक वेळा फांदीला धरून मान वाकडी करून मध पितो. हा मात्र हवेत एका जागी टांगल्यासारखा उभा राहतो आणि पोट भरलं की चक्क मागच्या मागे उडतो, रिव्हर्स गिअर टाकल्यासारखा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पॅटिओत बसून चहा पिताना कानाशी भर्र झालं तेव्हा "अगं भुंगा भुंगा" म्हणून पदर झटकला होता. नंतर त्याच माझ्या असिस्टंट झाल्या, ते पुढे येईलच.

टूसॉनला अ‍ॅनाज आणि कोस्टाज या दोन जाती वर्षभर असतात, ब्लॅक-चिन्ड उन्हाळ्यात येतात, ब्रॉड-बिल्ड आमच्या भागात बऱ्यापैकी आणि जुलै संपता संपता रूफस खाली मेक्सिकोकडे जाताना वाटेत थांबतात. इथून तासभर दक्षिणेला गेलं की सांता रीटा डोंगरातलं मदेरा कॅन्यन, तिथे तर फीडरवर, म्हणजे साखरपाण्याच्या टांगलेल्या भांड्यांवर, जत्राच असते. म्हणजे पक्षी कमी नव्हतेच. अक्कल कमी होती.

माझी अक्कल अशी, की पंख थांबवायचे तर शटर स्पीड वाढवा. सेकंदाचा १/२००० भाग, मग १/४०००, मग १/८०००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढत वाढत इतका गेला की पक्ष्याच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखं दिसायला लागलं आणि पंखांची टोकं तरी पुसटच. एका रात्री कागदावर अंदाजपंचे हिशेब मांडला: पंख पाच सेंटीमीटरचा धरला, एका झापेत त्याचं टोक बारा-तेरा सेंटीमीटर फिरतं, तेही मागे-पुढे असं सेकंदाला ऐंशी वेळा, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला साधारण दहा मीटर. १/२००० मध्ये ते टोक पाच मिलिमीटर सरकणार. पाच मिलिमीटर! पक्षीच मुळात नऊ-दहा सेंटीमीटरचा. तेव्हा कळलं सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता.

मग फ्लॅश. माझ्याकडे एक जुना होता, तो कॅमेऱ्यावर लावला, हायस्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायची सोय) ऑन केलं, १/४००० वर धडाधड फोटो काढले आणि ते आधीपेक्षा वाईट आले. याचं कारण समजायला मला दोन आठवडे लागले. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच लखकन पेटून विझत नाही, शटरची फट सेन्सरवरून सरकत असते तेवढा सगळा वेळ तो भराभर लुकलुकत राहतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो ट्यूबलाइटच झाला. त्यात उजेडही निम्म्याहून कमी. नावात हायस्पीड आहे म्हणून आपण फसतो.

खरी गोष्ट उलटी निघाली. शटर आरामात १/२०० वर ठेवायचं आणि पंख थांबवायचं काम फ्लॅशवर सोडायचं. हे छोटे स्पीडलाइट फ्लॅश असतात ना, त्यांची पॉवर कमी केली की दिवा मंद होत नाही, तो तितक्याच जोरात पेटतो फक्त लवकर विझतो. फुल पॉवरला तो सेकंदाचा तीनशेवा-पाचशेवा भाग पेटलेला असेल, पण १/३२ पॉवरला पंधरा-वीस हजारावा भाग. तेवढ्या वेळात पंखाचं टोक अर्धा मिलिमीटर सरकतं. झालं की काम! फक्त एवढ्याशा पॉवरला उजेडही एवढासाच, म्हणून एक नाही चार फ्लॅश लागतात आणि ते पक्ष्याच्या अगदी जवळ, हात-दीड हातावर ठेवावे लागतात. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हा शाळेतला नियम पहिल्यांदाच माझ्या कामी आला. (ही काही नवी युक्ती नाही बरं का. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन १९३० च्या दशकातच असल्या झटक्यात विझणाऱ्या दिव्यांनी हमिंगबर्डचे पंख थांबवत होते, आणि नंतर क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट नावाचे गृहस्थ ड्युपाँटसारख्या कंपनीचे अध्यक्ष असताना हाच छंद करत होते, त्यांचं हमिंगबर्डांवरचं पुस्तक १९६० मध्ये आलं. आणि मला म्हणे ऑफिसमुळे वेळ मिळत नाही.)

तर तीन सेकंडहँड मॅन्युअल फ्लॅश घेतले, रेडिओ ट्रिगर घेतला, चार स्टँड घेतले. उजेडाकडे बघून पेटणारे ऑप्टिकल स्लेव्ह आधी करून पाहिले होते पण इथल्या उन्हात त्या बिचाऱ्यांना काही दिसतच नाही, रेडिओच पाहिजे. चार फ्लॅशना सोळा सेल, ते रात्री चार्जिंगला लावायचे, नवरा म्हणायचा घरात मोबाइलला प्लग मिळत नाही.

सगळं मांडलं, १/२००, एफ १६ (लेन्सचं भोक अगदी बारीक), आयएसओ २००, पक्षी आला, बटण दाबलं. पंख दिसले! कडक, पिसं न पिसं मोजता येईल असे. आणि त्याच्याभोवती त्याचंच हिरवट भूत. पंखांच्या जागी कडक पंखही आणि धूरही, दोन्ही.

इथे मी डोकं धरून बसले आणि मग हसले. जुन्या फिल्मवाल्यांचा एक नियम असतो, सनी सिक्स्टीन: रखरखीत उन्हात एफ १६ ठेवा, शटर आयएसओइतकं ठेवा, फोटो बरोबर येतो. माझं सेटिंग काय होतं? १/२००, एफ १६, आयएसओ २००. म्हणजे उन्हात फ्लॅशशिवायच झकास फोटो यावा असं नेमकं सेटिंग मी लावून बसले होते. फ्लॅशने एक फोटो काढला आणि उन्हाने त्याच फ्रेमवर दुसरा, तोही १/२०० चा, पुसलेला.

म्हणजे आता माझं काम उजेड आणायचं राहिलंच नाही, उजेड घालवायचं झालं. अ‍ॅरिझोनात! ऑगस्टमध्ये! लोक इथे उन्हासाठी रिटायर होऊन येतात आणि मी पॅटिओत अंधार करत हिंडतेय.

टेस्ट सोपी आहे आणि मी आता ती दर वेळी करते: सगळे फ्लॅश बंद करून एक फ्रेम काढायची. ती काळीकुट्ट आली पाहिजे. काहीही दिसलं तर पुढे जायचं नाही. माझ्या पहिल्या टेस्टमध्ये शेजाऱ्यांच्या भिंतीसकट सगळं दिसत होतं. मग फीडर पॅटिओच्या आत, उत्तरेच्या बाजूला छपराखाली आणला, तीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). अजून दोन तरी पाहिजे होते, पाच स्टॉप म्हणजे उन्हाच्या बत्तिसाव्या भागाइतकाच उजेड उरतो. बाजूने जमिनीवरून उन्हाची तिरीप परतत होती, इथली अंगणं गवताची नसतात, पांढरट खडीची असतात, ती आरशासारखी तापते आणि चमकते. तिथे काय लावावं याचा विचार करत होते तर सासूबाई आत गेल्या आणि सोलापुरी चादर घेऊन आल्या. ही चादर त्यांनी "अमेरिकेत थंडी असते" म्हणून तेवीस किलोच्या बॅगेतून ३८ डिग्रीच्या गावात आणली होती आणि मी त्यावरून त्यांना महिनाभर चिडवलं होतं. दोन खांबांना सुतळीने बांधली. टेस्ट फ्रेम काढली. काळी. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत जाऊन बसल्या. ते बसणंच असं होतं की मी पुन्हा चादरीचा विषय काढला नाही.

अंधार झाला की मग बॅकग्राउंडही काळं येतं, भर सकाळी दहा वाजता हमिंगबर्ड रात्री उडतोय असं दिसतं. काहींना ते आवडतं. मला अजिबात नाही, वेल्वेटवर ठेवलेल्या दागिन्यासारखं दिसतं. म्हणून मागे दोन-अडीच फुटांवर एक मोठा प्रिंट लावायचा, आपणच मुद्दाम आउट ऑफ फोकस काढलेला झाडापानांचा हिरवा-पोपटी फोटो, आणि चौथा फ्लॅश फक्त त्या प्रिंटवर. माझा पहिला प्रिंट ग्लॉसी होता, त्यात फ्लॅशचा पांढरा भप्पकन गोळा. मॅट पेपरच घ्यायचा. हे फसवणं आहे का? मला एकाने विचारलं. असेल थोडं. मी फोटो दाखवताना सांगून टाकते की मागचं झाड कागदाचं आहे, मग विषय संपतो.

पक्ष्यांचं म्हणाल तर त्यांना स्टँडची सवय व्हायला सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी नुसते स्टँड, दुसऱ्या दिवशी स्टँडवर रिकामे डबे, असं करत करत फ्लॅश. फीडरमध्ये एक भाग साखर आणि चार भाग पाणी, बस. लाल रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही, गूळ तर नाहीच (सासूबाईंचा प्रस्ताव होता). पहिल्यांदा त्यांनी केलं तेव्हा सवयीने उकळत ठेवून बोटावर तार बघायला लागल्या, मी धावत जाऊन गॅस बंद केला, नाहीतर हमिंगबर्डना एकतारी पाक मिळाला असता. इथल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत ते पाणी आंबतं, म्हणून थोडंच करायचं आणि फीडर रोज धुवायचा, यात आळस नको, घाण पाण्याने पक्षी आजारी पडतात.

पण फोटोत लाल प्लॅस्टिकचा फीडर कोणाला पाहिजे? म्हणून फीडरची सगळी भोकं टेपने बंद करून एकच उघडं ठेवायचं, पक्षी रोज त्याच जागी तोंड घालायला लागला की एके सकाळी फीडर काढायचा आणि बरोब्बर त्या भोकाच्या जागी फूल लावायचं. मी पेन्स्टेमॉन आणि सॅल्व्हिया वापरले, कुंडीतलेच. फुलात सुई नसलेल्या सिरिंजने दोन थेंब साखरपाणी सोडायचं. पक्षी येतो, फीडरच्या जागी फूल बघून क्षणभर हवेत थांबतो, तुमच्याकडे असं बघतो की हॉटेलात मेनू बदललाय, आणि मग पितो. तो जो क्षणभर थांबतो ना, फुलापासून तीन-चार इंच मागे, तोच फोटो. चोच फुलात घातलेली असली की फोटो मेला असं माझं मत आहे, पक्षी पिनने टोचून ठेवल्यासारखा वाटतो.

फोकस मॅन्युअल, त्याच हवेतल्या जागेवर, एका काडीवर रबर गुंडाळून तिथे धरायची आणि फोकस लावायचा. एफ १६ ला सुद्धा आठ फुटांवरून जेमतेम चार सेंटीमीटर शार्प मिळतं. पक्षी त्या चार सेंटीमीटरमध्ये आला तर आला. कॅमेरा ट्रायपॉडवर, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत रिमोट हातात घेऊन, एसी चालू. हा या पद्धतीचा मोठा फायदा, घाम गाळावा लागत नाही.

आणि सासूबाई बाहेर पॅटिओत, खुर्ची पंधरा फुटांवर, मटार सोलत. पक्षी त्यांना अजिबात बिचकत नव्हते, मी दार उघडलं की पळायचे. पहिल्याच दिवशी आतून मी दहा-बारा फ्रेम काढल्या आणि त्या बाहेरून ओरडल्या, "अगं तो डावीकडचा पेटत नाहीये!" मला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कळलंच नसतं, वाटलं असतं सावली पडलीय. सेल उतरले होते. त्यानंतर त्यांची ड्यूटीच ठरली, चारही पेटले की मान हलवायची, नाही पेटला तर बोट दाखवायचं. एकदा एक फ्लॅश काही केल्या पेटेना, सेल बदलले, अँटेना नाही तरी जिथे असेल तिथे फुंकर मारली, तासाभराने कळलं चॅनलचं बटण माझ्याच कोपराने बदललं गेलं होतं.

पंख झाले, भूत गेलं, बॅकग्राउंड झालं, तर आता गळा काळा. अ‍ॅनाज नराचा गळा आणि डोकं गुलाबी रंगाचं असं चमकतं की बघणारा अवाक होतो, आणि माझ्या फोटोत मात्र काजळ फासल्यासारखं. तो रंग पिसात रंगद्रव्य म्हणून नसतोच. पिसांत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चपट्या थाळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतणारा उजेड ठरावीक दिशेनेच रंगीत दिसतो, पैठणीच्या पदराचं जसं इकडून एक तिकडून एक तसं काहीसं, पण त्याहून फार हट्टी. माझे दोन्ही पुढचे फ्लॅश बाजूंना ४५ अंशांवर होते, पोर्ट्रेटच्या पुस्तकात असतात तसे. तिथून गेलेला उजेड गळ्यावरून भलतीकडे जात होता. एक फ्लॅश उचलून लेन्सच्या बरोब्बर वर आणला, पुढे दुधाच्या प्लॅस्टिक कॅनचा कापलेला पांढरा तुकडा चिकटवला, दुसरा बाजूला राहू दिला, तिसरा मागून वरून, पंखातून उजेड आरपार यावा म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा गळा पेटला. कोस्टाजचा जांभळा गळा तर मिशा फुटल्यासारखा दोन्ही बाजूंना लांब जातो, तो पकडायला मात्र अजून चार दिवस गेले कारण मधे दादा आले.

दादा म्हणजे रूफस. विटकरी-केशरी रंगाचा एवढासा प्राणी, वजन तीन-चार ग्रॅम, आणि अख्खा पॅटिओ त्याच्या बापाचा. कोणी फुलाजवळ आलं की हा कुठून तरी सुरीसारखा येणार आणि त्याला पार शेजाऱ्यांच्या छतापर्यंत पळवून लावणार, मग स्वतः पिणार सुद्धा नाही, चादरीच्या सुतळीवर बसून राखण करणार. दोन दिवस माझ्याकडे नुसते त्याचेच फोटो. तिसऱ्या दिवशी घराच्या दुसऱ्या बाजूला अजून एक फीडर टांगला, दादांना दोन्ही बाजू एकदम सांभाळता येईनात, तेवढ्यात इकडे बाकीच्यांचं जेवण आणि माझे फोटो. सासूबाई म्हणाल्या आमच्या भावकीत पण असाच एक आहे.

मग वादळ. इथे १५ जून ते ३० सप्टेंबर या दिवसांना मान्सूनच म्हणतात, वेधशाळा पण. सासूबाईंना याचं फार हसू येतं, वीस मिनिटं पाऊस पडतो आणि लोक गॅलरीत येऊन बघतात, "याला पाऊस म्हणतात का गं?" पण त्या वीस मिनिटांच्या आधी जो वारा सुटतो तो गंमत नाही. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बाहेर स्टँड तसेच. एक फ्लॅश खडीवर पडून फुटला, प्रिंट उडाला तो सापडलाच नाही, चादर मात्र जागच्या जागी. तेव्हापासून प्रत्येक स्टँडच्या पायाला तांदळाच्या रिकाम्या पिशवीत खडी भरून बांधते.

फ्लॅशने पक्ष्यांना त्रास होतो का हे मला सगळे विचारतात. माझ्याकडचे पक्षी पहिल्या एक-दोन झटक्यांना दचकले, तेही मला वाटतं शटरच्या आवाजाला, नंतर पीत राहिले. पण कोणी आलाच नाही परत किंवा लांबूनच घिरट्या घालायला लागला तर मी त्या दिवशी फ्लॅश बंद करते. सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा त्यांचा खायचा, तेव्हा मी काहीच काढत नाही, रात्रभर अंग थंड करून निपचित पडून राहिलेला पक्षी असतो तो, त्याला आधी खाऊ दे. आणि घरट्याजवळ फ्लॅश कधीच नाही, यावर चर्चाच नको.

आकडे सांगते म्हणजे कोणाला उगाच उमेद नको: पहिल्या बऱ्या आठवड्यात चारशेच्या वर फ्रेम, त्यातल्या ठेवण्यासारख्या अकरा. अकरांतला एक, ब्रॉड-बिल्ड नर, लाल चोच, निळा गळा, पंख पूर्ण मागे ताणलेले, मागच्या फ्लॅशने पिसांच्या काड्या न काड्या उजळलेल्या. तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोठा करून बघितला, आणि म्हणाल्या, "हं, आता आहेत पंख."

पण एक भानगड राहिली होती. ऑगस्टच्या शेवटी शेवटी रात्री भरून ठेवलेला बाजूचा फीडर सकाळी ठणठणीत रिकामा. मला वाटलं गळतोय, खाली वाटी ठेवली, वाटी कोरडी. नवऱ्याला वाटलं खार. सासूबाईंना शेजारच्या मुलाचा संशय होता, का ते मी विचारलं नाही. शेवटी एका रात्री दिवे बंद करून आम्ही दोघी पॅटिओत बसलो आणि साडेनऊच्या सुमाराला काळोखातून काहीतरी मोठं, बिनआवाजाचं, फीडरवरून झपकन गेलं. मग दुसरं. वटवाघळं! दक्षिण अ‍ॅरिझोनात फुलांचा मध पिणारी वटवाघळं असतात, सग्वारो निवडुंगाच्या फुलांवर आणि मग घायपातीवर जगणारी, परतीच्या वाटेवर ती लोकांचे हमिंगबर्ड फीडर रात्रीतून साफ करतात. त्यातली लेसर लाँग-नोज्ड (छोटं लांबनाकं) ही जात तर २०१८ पर्यंत सरकारच्या धोक्यातल्या यादीत होती.

सासूबाईंनी कराडच्या घरी वटवाघूळ आलं की झाडू घेतलेला मी पाहिलाय. इथे त्या पाच मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुझे ते दिवे लाव ना. आता तर चादरपण नको."

खरंच की. टेस्ट फ्रेम न काढताच काळी. उरलेले तीन फ्लॅश फीडरकडे वळवले, फोकस टॉर्चने लावला, आणि रात्री बारापर्यंत नुसत्या अंदाजाने बटण दाबत बसलो, एकदा मी एकदा त्या. दोनशे बारा फ्रेम. दोनशे अकरांमध्ये फीडर. एकात, वरच्या कोपऱ्यात, एक कान आणि पंखाचा तुकडा, कडक शार्प. तो सासूबाईंनी दाबलेला.